दोन औषधे हरल्यानंतर

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझ्या मुलीच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग शस्त्रक्रिया करून उरलेल्या मेंदूपासून कायमचा तोडलेला आहे. हे ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मला आता पाठ झाले आहे, म्हणून पुढचे लगेच सांगून टाकते. ती चालते, बोलते, धाकट्या भावाशी भांडते, सातवीच्या वर्गात बसते, आणि शस्त्रक्रियेनंतर तिला एकही फिट आलेली नाही. डावा हात मदतीपुरता चालतो. डाव्या बाजूचे दिसत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवायला तिला शिकवावे लागले. ही शस्त्रक्रिया करावी लागली याबद्दल माझी कोणाकडे तक्रार नाही. ती आम्हाला फार उशिरा सुचवली गेली, याबद्दल आहे. तो उशीर आपल्या खात्याच्या हातातल्या गोष्टींनी कमी होऊ शकतो अशी माझी खात्री झाली, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आजाराचे नाव रासमुसेन एन्सेफलायटिस. १९५८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे मेंदूशल्यविशारद थिओडोर रासमुसेन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर तीन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांनाही शरीराच्या एकाच बाजूला फिट येत होत्या, औषधे लागू पडत नव्हती, आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या तुकड्यात दाह स्पष्ट दिसत होता. दाह आहे म्हणजे जंतू असणार, असे धरून पुढे कित्येक वर्षे विषाणूचा शोध चालला. आज चित्र बरेच बदलले आहे. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशीच मेंदूत शिरून चेतापेशींना मारतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे. त्या तसे का करायला लागतात, आणि एकाच अर्ध्या मेंदूत का, याचे उत्तर अजून वैद्यकाजवळ नाही. आजार बहुधा सहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो. तोपर्यंत मूल अगदी धडधाकट असते. पहिले काही महिने, कधी वर्षे, अधूनमधून फिट येतात. मग एकदम उतार लागतो. रोज अनेक फिट, एका बाजूचा हात-पाय कमजोर, बोलणे आणि अभ्यास मागे, आणि मेंदूचा तो अर्धा भाग एम.आर.आय.मध्ये आक्रसताना दिसतो. हे बहुतेक नुकसान साधारण वर्षभरात होऊन जाते. त्यानंतर ते थांबते, फिट मात्र थांबत नाहीत.

आजार फार विरळ आहे. जर्मनीत झालेल्या मोजणीत १८ वर्षांखालील दर एक कोटी मुलांमागे वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण निघाले. इतक्या विरळ आजारासाठी मंत्र्यांनी वेळ का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे देते.

आमच्याकडे सुरुवात डाव्या हाताच्या बोटांपासून झाली. अंगठा आणि शेजारचे बोट सतत उडायचे. जेवताना, वहीवर हात टेकला असताना, झोपेतही. रासमुसेनच्या जवळपास निम्म्या मुलांमध्ये केव्हा ना केव्हा अशी न थांबणारी फिट सुरू होते. मूल शुद्धीवर असते, तुमच्याशी बोलत असते, आणि हात तासन्‌तास, दिवसेंदिवस उडत राहतो. घरात दृष्ट काढली गेली. मोठी फिट आली तेव्हा शेजारच्या मावशी कांदा फोडून धावत आल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी मायेने केले. मला लागले ते एका दवाखान्यात ऐकलेले. ई.ई.जी.चा कागद नॉर्मल आला होता, आणि मुलगी लक्ष वेधून घेण्यासाठी हात हलवते, तुम्ही दोघे नोकरीला जाता म्हणून असे होते, असे आम्हाला सांगण्यात आले. मेंदूच्या लहानशा भागातून उठणारी गडबड डोक्याच्या कातडीवर चिकटवलेल्या तारांना प्रत्येक वेळी पकडता येत नाही, ही गोष्ट मेंदूविकारतज्ज्ञांना पाठ असते. जिथे मूल प्रथम पोहोचते, तिथेही ती ठाऊक असायला हवी.

एम.आर.आय.चेही तसेच. पहिला एम.आर.आय. जवळजवळ निर्दोष येऊ शकतो. २००५ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी या आजाराच्या निदानाचे निकष ठरवले, त्यात काळ हाही एक निकष आहे. एका बाजूचा अशक्तपणा वाढतो आहे का, आणि आधीच्या चित्राशेजारी नंतरचे चित्र ठेवले तर तीच बाजू आक्रसलेली दिसते का. म्हणजे काही महिन्यांनी दुसरा एम.आर.आय. हवा, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा माणूस हवा. आमच्या मुलीचे पहिले आणि दुसरे चित्र वेगवेगळ्या गावी काढलेले होते. दोन्ही एकत्र कोणी पाहिलीच नव्हती. जेव्हा पाहिली, तेव्हा निदानाला फार वेळ लागला नाही.

या मधल्या काळात आम्ही काय करत होतो? औषधे बदलत होतो. आधी व्हॅल्प्रोएट, मग कार्बामाझेपिनची जोड, मग लेव्हेटिरासेटाम, मग रात्रीसाठी क्लोबाझाम. प्रत्येक नवे औषध आले की दोन-तीन आठवडे बरे वाटायचे आणि मग पुन्हा तेच. गोळ्यांनी मुलगी पेंगायची, लाळ गळायची, चिडचिड व्हायची. वर्गात शिक्षिका म्हणून मी जी मुले बघते, त्यांतले एक मूल घरात माझ्या डोळ्यांदेखत मागे पडत होते.

साहेब, मिरगीच्या औषधांचा हिशेब जगाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ग्लासगो इथे क्वान आणि ब्रॉडी या डॉक्टरांनी पूर्वी औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांचा माग ठेवून २००० मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या औषधाने सुमारे ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या. दुसऱ्याने आणखी १३ टक्के. त्यापुढे तिसरे औषध म्हणा, दोन औषधे एकत्र म्हणा, सगळे मिळून जेमतेम ४ टक्के. याच अनुभवावरून मिरगीविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये व्याख्या केली. नीट निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधे हरली, तर त्या मिरगीला औषधांना न जुमानणारी म्हणावे, आणि तिच्याकडे त्या नजरेने पाहावे. पाचवे, सहावे औषध देऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण दोन औषधे हरली त्याच दिवशी शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या केंद्राकडे चिठ्ठी लिहिली गेली पाहिजे. आमच्या फायलीत अशी चिठ्ठी यायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर तिचा डावा पाय ओढत चालू लागला होता.

आता शस्त्रक्रियेबद्दल. तिची भीती लोकांना वाटते तशीच डॉक्टरांनाही वाटते, आणि चिठ्ठी न लिहिली जाण्याचे ते एक मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

मेंदूचा एक अर्धा भाग काढण्याचे धाडस प्रथम अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी केले, तेही गाठीसाठी, आणि १९२८ मध्ये ते प्रसिद्ध केले. मिरगीसाठी ते टोरांटोच्या केनेथ मॅकेन्झी यांनी १९३८ मध्ये केले. १९५० मध्ये जोहान्सबर्गचे रोलंड क्रायनॉ यांनी १२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर ही शस्त्रक्रिया जगभर होऊ लागली. फिट थांबत, मुले शांत होत. पण काही वर्षांनी कवटीतल्या त्या रिकाम्या पोकळीत थोडे थोडे रक्त पाझरून उरलेल्या मेंदूला इजा होऊ लागली, काही रुग्ण दगावले, आणि सर्जन मागे हटले. ज्यांचे नाव या आजाराला मिळाले, त्या रासमुसेन यांनीच १९७०च्या दशकात मार्ग काढला. मेंदू सगळा काढायचा नाही. थोडा काढायचा, आणि उरलेला जागेवर ठेवून त्याचे धागे तोडायचे. १९९०च्या दशकात फ्रान्सचे डेलालांद आणि मॉन्ट्रियलचे व्हिलम्यूर यांनी ही पद्धत आणखी पुढे नेली. आता बहुतांश मेंदू रक्तपुरवठ्यासह आत तसाच राहतो आणि फक्त दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारे व खाली शरीराकडे जाणारे तंतू कापले जातात. शॉर्ट सर्किट झालेल्या खोलीच्या भिंती न पाडता तिची वायर तोडावी, असे आमच्या सर्जननी आम्हाला समजावले होते. ठिणगी त्या भागात पडत राहते, बाहेर मात्र येत नाही.

रासमुसेनमध्ये स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, टॅक्रोलिमस अशी दाह दाबणारी औषधेही देतात. त्यांनी काही मुलांत ऱ्हासाचा वेग मंदावतो आणि निर्णयाला अवधी मिळतो. फिट कायमच्या थांबवण्याची खरी ताकद मात्र या शस्त्रक्रियेतच आहे. जगभरच्या अनुभवात दहातल्या सहा ते आठ मुलांच्या फिट तिने पूर्ण थांबतात.

किंमत मोठी आहे, आणि ती कोणी आईबापांपासून लपवू नये. विरुद्ध बाजूच्या बोटांची बारीक हालचाल जाते आणि सहसा परत येत नाही. बटण लावणे, वेणी घालणे, वहीचे पान एका हाताने धरून दुसऱ्याने लिहिणे, सगळे नव्याने शिकावे लागते. त्या बाजूची अर्धी दृष्टी दोन्ही डोळ्यांतून जाते. काही मुलांच्या डोक्यात पाणी साठते आणि नळी बसवावी लागते. चालणे मात्र बहुतेकांचे परत येते, कारण पाय हलवण्याचे काम उरलेला अर्धा भाग बराचसा उचलतो. आणि आजार तसाच चालू राहिला असता तर तो हात तसाही जाणारच होता. शस्त्रक्रिया जे घेते त्यातले बरेचसे आजाराने आधीच घ्यायला सुरुवात केलेली असते. हे मला कागदावर समजत होते. सहीच्या वेळी पेन उचलवत नव्हते.

आमच्या मुलीचा आजार उजवीकडे होता, हे आमचे नशीब. आमच्याच वॉर्डात एक मुलगा होता, त्याचा डावीकडे. बहुतेक माणसांची भाषा डाव्या अर्ध्यात वसलेली असते. मूल लहान असेल तर उजवा अर्धा भाग बोलण्याचे काम शिकून घेऊ शकतो, आणि जसजसे वय वाढते तसतशी ही शक्यता कमी होत जाते. त्या मुलाचे वडील ऊसतोड कामगार. त्यांना डॉक्टर सांगत होते की आत्ता केले तर काही काळ बोलणे जाईल, पण परत येण्याची आशा आहे. थांबलो तर फिटच बोलणे घेऊन जातील, आणि मग परत येण्याची आशाही कमी होईल. ते माझ्याकडे आले आणि विचारू लागले, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही काय केले असते? मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या मनात पक्की झाली. हा निर्णय कोणत्याही आईबापासाठी अवघडच असणार. पण मूल पाच वर्षांचे असताना तो समोर येणे आणि दहा वर्षांचे असताना येणे, यांत केवढे तरी अंतर आहे. ते अंतर रुग्णालयात ठरत नाही. ते गावातून रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यावर ठरते.

असे काही परदेशातच होते, हा समज तेवढा काढून टाकावा अशी विनंती आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने मिरगीच्या शस्त्रक्रियेचा कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. मुंबईतही असे काम होते. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. शरत चंद्र यांच्या चमूने अर्धा मेंदू तोडण्याची हीच शस्त्रक्रिया लहानशा छेदातून, दुर्बिणीच्या मदतीने करण्याची पद्धत विकसित केली. आणि मुलांच्या मिरगीवर औषधे बरी की शस्त्रक्रिया, याचा चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने झालेला सर्वांत गाजलेला अभ्यासही एम्सचाच. २०१७ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. औषधांना न जुमानणाऱ्या मिरगीची ११६ मुले. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के फिटमुक्त होती. फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटातल्या एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाले, त्यांत बहुतेक एका बाजूची कमजोरी, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

या अभ्यासातली एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त लागली. औषधांच्या गटातली मुले कोण होती? शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवरची. देशातल्या एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात एवढी रांग होती, की वर्षभर थांबणे हाच अभ्यासाचा दुसरा गट झाला. डॉक्टरांनी त्या रांगेतून जगाला उपयोगी ज्ञान काढले, हे त्यांचे मोठेपण. ती रांग आहे तशी राहू देणे मात्र कोणाच्याच मोठेपणाचे लक्षण नाही.

आता मघाच्या प्रश्नाचे, इतक्या विरळ आजारासाठी वेळ का द्यावा याचे, उत्तर. विरळ आजारांसाठी केंद्राचे २०२१चे धोरण आहे, त्याखाली मुंबईचे के.ई.एम. हे उत्कृष्टता केंद्र आहे, आणि ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ते धोरण गरजेचे आहे. पण त्यातले आजार मुख्यत्वे आनुवंशिक आहेत, आणि आमच्यासारख्यांची अडचण महाग औषधाची नाही. म्हणून मी रासमुसेनसाठी वेगळी योजना मागत नाही. भारतात मिरगीचे रुग्ण एक कोटीच्या घरात आहेत, आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत. त्यात जन्मावेळी मेंदूला इजा झालेली मुले आहेत, कानशिलाजवळच्या भागात व्रण असलेले तरुण आहेत, मेंदूच्या एखाद्या तुकड्याची घडणच चुकलेली बाळे आहेत. यांतल्या पुष्कळांना शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. रासमुसेनचे मूल आणि ही सगळी मुले एकाच रस्त्याने जातात. तो रस्ता नीट झाला तर विरळ आजाराचे मूलही वेळेवर पोहोचेल. फरक इतकाच, की इतरांना उशीर महागात पडतो आणि रासमुसेनच्या मुलाला त्या उशिरातच अर्धे अंग गमवावे लागते.

रस्त्याचा मोठा भाग आपण आधीच बांधलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली. या कार्यक्रमात तपासायच्या तीस आजारांच्या यादीत आकडीचा आजार आहेच. पथक आमच्या शाळेत वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. वजन, उंची, डोळे, दात, त्वचा, हृदयाचे ठोके, सगळे बघतात, मनापासून बघतात. पण मिरगी त्या दिवशी दिसत नाही. मूल समोर उभे असते तेव्हा फिट आलेली नसते, आणि आईबाप लपवतात, विशेषतः मुलगी असेल तर. म्हणून पथकाने पाहण्याबरोबर विचारणेही आवश्यक आहे, आणि ते मुलाला किंवा वर्गशिक्षकाला एकटे घेऊन. मुलाला कधी फिट येते का? औषध चालू आहे का, आणि आजवर किती बदलली? औषध चालू असतानाही फिट येतात का? या तीन प्रश्नांत दोन औषधे हरलेले मूल सापडते. हात सतत उडणारे किंवा एका बाजूने कमजोर होत चाललेले मूल तर वर्गशिक्षकाला आधीच माहीत असते. आम्हाला कोणी विचारत नाही.

सापडल्यावर पुढे काय, इथे खरी गाठ आहे. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल आपल्या खात्याकडे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. मुंबईचे के.ई.एम. महापालिकेकडे. एकच मूल तीन दरवाज्यांतून जाते आणि प्रत्येक दारी नवा केसपेपर, नव्याने हकीकत, नव्याने सुरुवात. आमची फाइल मी पिशवीत घालून फिरवली, मी वाचू शकते म्हणून कुठला कागद कधी दाखवायचा ते मला कळत होते. ऊसतोडीवरून आलेल्या बापाला ते कसे कळावे? माझी मुख्य मागणी हीच आहे. तिन्ही यंत्रणांना लागू होणारा एक संयुक्त शासन निर्णय काढावा. अठरा वर्षांखालील ज्या मुलाच्या फिट दोन योग्य औषधांनंतरही चालू आहेत, त्याला ठरावीक मुदतीत, माझ्या मते तीन महिन्यांत, मिरगी शस्त्रक्रियेची तपासणी करणाऱ्या केंद्रात तारीख मिळाली पाहिजे. एका बाजूचा हात-पाय कमजोर होत असेल किंवा फिट थांबतच नसेल, तर दुसऱ्या औषधाचीही वाट न पाहता काही दिवसांत. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टराला तारीख तिथेच, त्याच दिवशी दिसावी. मुंबईबाहेर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला, असे एक तरी सरकारी केंद्र पूर्ण ताकदीने उभे राहावे. मेंदूशल्यविशारद एकटा पुरत नाही. बालमेंदूविकारतज्ज्ञ, व्हिडिओ ई.ई.जी.चे युनिट, मानसतज्ज्ञ, भाषातज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मिळून ते केंद्र होते. तोवर निदान एम.आर.आय.ची चित्रे तालुक्याहून तज्ज्ञापर्यंत संगणकावरून जावीत, आणि जुनी व नवी शेजारी ठेवून वाचली जावीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने राज्यातल्या लाखो घरांना आधार दिला आहे, आमच्या वॉर्डात मी आरोग्यमित्रांना धावपळ करताना पाहिले आहे. पण या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर फार मोठे काम असते. आधी कित्येक दिवस चालणारा व्हिडिओ ई.ई.जी., विशेष एम.आर.आय., कधी पेट स्कॅन, भाषा कोणत्या बाजूला आहे याची चाचणी, मानसशास्त्रीय तपासणी. नंतर निदान वर्षभर फिजिओथेरपी, पायाचा स्प्लिंट, काहींना डोक्यातली नळी. हे सगळे एकाच पॅकेजमध्ये, शस्त्रक्रिया होवो वा न होवो, धरले जावे. तपासणीनंतर कळले की शस्त्रक्रिया शक्य नाही, तर तो खर्च वाया गेला असे कोणी समजू नये. ती तपासणी हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. आणि आईबापांची बुडणारी मजुरी, परगावी राहण्याची सोय, यांचाही विचार व्हावा. धर्मशाळेत जागा मिळत नाही म्हणून तपासणी अर्धवट सोडून गावी परतलेले कुटुंब मी पाहिले आहे.

शाळेबद्दल दोन शब्द, कारण ते माझे क्षेत्र आहे. मेंदूचा अर्धा भाग तोडलेले मूल वर्गात परत येते तेव्हा त्याला फळ्याची एक बाजू दिसत नाही. माझी मुलगी वर्गात डाव्या कडेला बसते, म्हणजे फळा तिच्या उजवीकडे, दिसणाऱ्या बाजूला येतो. तिला जास्त वेळ लागतो, लेखनिक लागू शकतो, आणि डोक्याला मार लागणारे खेळ टाळावे लागतात. एवढ्या सूचना एका पानावर लिहून शाळेला पाठवायला रुग्णालयाला काही पडत नाही. आम्हाला ते पान मिळाले नाही, मी स्वतः लिहिले आणि मुख्याध्यापकांना दिले.

लग्नाची गोष्टही लोक काढतात. १९९९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून मिरगी हे लग्नाला अडथळा ठरणारे कारण वगळले. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी गावात अजून मुलीची फिट लपवली जाते, आणि लपवलेली फिट कोणत्याही पथकाला सापडत नाही. आशाताईंच्या प्रशिक्षणात हा एक धडा असावा. मिरगीवर उपचार आहे, आणि दोन औषधांनी थांबली नाही तर पुढेही वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०३१पर्यंतचे जे उद्दिष्ट ठेवले आहे, त्याची पहिली पायरी हीच आहे, की मिरगी असलेल्या ९० टक्के लोकांना आपला आजार उपचाराने आटोक्यात येतो हे ठाऊक असावे.

आणखी एक मागणी आहे, तिला पैसे लागत नाहीत. शस्त्रक्रियेच्या निर्णयापूर्वी प्रत्येक कुटुंबाची अशा एका कुटुंबाशी भेट घालून द्यावी, ज्यांनी ही वाट चाललेली आहे. डॉक्टरांनी कितीही समजावले तरी आम्हाला धीर आला तो शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या पायांनी जिना चढणारी एक मुलगी पाहून. अशा कुटुंबांची यादी केंद्रांनी त्यांच्या संमतीने ठेवावी. आमचे नाव त्यात पहिले लिहावे. मी सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन कुठल्याही वॉर्डात यायला तयार आहे, आणि तीही तयार आहे, तिला विचारूनच लिहिते आहे.

केंद्र उभे राहायला वेळ लागेल, पॅकेज बदलायला बैठका लागतील, हे मी समजू शकते. पण बाल स्वास्थ्य पथकाच्या तपासणी-पत्रकात वर लिहिलेले तीन प्रश्न छापायला नवी इमारत लागत नाही आणि नवे पदही लागत नाही. पुढच्या शैक्षणिक वर्षात पथके बाहेर पडण्याआधी ते छापले जावेत, ही विनंती. या पत्राची प्रत मी वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मुंबईच्या महापालिका आयुक्तांनाही पाठवते आहे, म्हणजे तिन्ही दारी कागद एकाच वेळी पोहोचेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

एक जिल्हा परिषद शिक्षिका
आणि एका सातवीतल्या मुलीची आई